खोक्याखालची गाडी

शाळेच्या माळ्यावर रोबोटचे चौदा संच पडून होते. नव्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत म्हणून सोमवारी ते भंगारात जाणार होते. माझ्या ताईनं त्यांच्यावर वीस वर्षं मुली शिकवल्या. "शुक्रवारी एक तरी चालवून दाखवा, मग बघू," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि ताई एक संच काखोटीला मारून थेट माझ्या दुकानात आली. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे घरच्यांच्या मते मला मेलेलंही उठवता येतं.

संचात एक चाकांची गाडी होती आणि कॉम्प्युटरला जोडायचा छोटा मनोरा. टीव्हीच्या रिमोटसारखा तो न दिसणाऱ्या प्रकाशातून गाडीला प्रोग्रॅम पाठवतो. त्याची जुनी पिन कुठंच बसेना. जोडकेबल आणली, तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर हुडकलं. गुरुवारी दुपारी मनोऱ्याचा दिवा एकदाचा लागला, पण प्रोग्रॅम दर वेळी अर्ध्यावर अडकायचा. सात वेळा!

"ताई, सोड नाद. मेलंय हे," मी वैतागलो.

"मी संचासोबत आणलेलं बुटांचं खोकं कुठंय?"

"ते फाटकं? पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलं," मी हसत म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. "अरे दीडशहाण्या, खिडकीतलं ऊन मनोऱ्याला चालत नाही. आम्ही गाडी आणि मनोरा दोन्हींवर ते खोकं पालथं घालायचो. मला विचारायचंस तरी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवसांत मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. शेजारच्या चपलांच्या दुकानातून खोकं मागून आणलं, पालथं घातलं. प्रोग्रॅम एका दमात गेला. ताईनं मात्र अबोला धरला.

शुक्रवारी गाडी मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून सुसाट कडेकडे निघाली. बाईंनी घाबरून हात पुढे केला.

"हात नका लावू," ताई म्हणाली. "ती थांबते."

ताईनं कडेला चिकटवलेल्या काळ्या पट्टीवर गाडी थांबली, वळली आणि ताईपाशी परत आली.

बाईंनी शिपायाला हाक मारली. "माळ्यावरचे ते सगळे संच खाली आणा. प्रयोगशाळेत ठेवा."

"ताई, अजून तेरा खोकी लागतील ना गं?" मी हळूच विचारलं.

"लागतील," ताई कालपासून पहिल्यांदा हसली. "विचारलंस, हे बरं केलंस."