खिडकीसमोरची भिंत

अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं संगणकावर काढायची, हे तिचं काम. भिंती, फरश्या, सोफे इतरही करत. पण पडद्यातून गाळून आलेलं ऊन जमिनीवर कसं सांडतं, ते तिलाच साधायचं. म्हणून ऑफिसात सगळे तिला 'ऊनवाली' म्हणत.

नव्या इमारतीच्या मागच्या बाजूच्या घराचं चित्र तिच्याकडेच आलं, यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते चित्र पाहून साहेबांना.

"ऊन कुठंय?"

"येत नाही तिथे. मी जागेवर जाऊन आले. खिडकी उत्तरेला, आणि समोर शेजारच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर लागेल अशी."

"मग सूर्य फिरव. दोन बटणांचं तर काम."

"सूर्य काय आपल्या बापाचा आहे, साहेब?"

साहेब हसले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त गिऱ्हाईक तुटायची त्याला धास्ती. "अगं, चित्र आहे ते, कोर्टातली साक्ष नाही. भिंत काढून टाक, झाडं लाव, वरून जरा सोनेरी झाक मार. संपलं."

तिने कुरकुरत सूर्य फिरवला. विजेच्या तारा, कचऱ्याचे डबे याआधी तिनेही पुसले होतेच. हे त्यातलंच, अशी मनाची समजूत घातली. चित्र झकास झालं. तेवढ्यात हिशेबनीस काका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. काका यंदा निवृत्त होणार होते आणि त्याच इमारतीत, त्याच बाजूला घर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

"इथे खुर्ची," त्यांनी पडद्यावरच्या उन्हात बोट ठेवलं. "आमच्या हिच्या गुडघ्यांना सकाळचं ऊन सांगितलंय डॉक्टरांनी. मी पेपर वाचीन, ही पाय शेकत बसेल."

काका गेले आणि तिने ते चित्र पुसून टाकलं.

मग नव्याने बसली. खिडकीत होती तशी भिंत ठेवली, तिच्यावरच्या पाण्याच्या ओघळांसकट. संगणकातला कॅमेरा छताच्या कोपऱ्यात ठेवला की खोली मैदानाएवढी दिसते. तिने तो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी आणला. भिंतीवरून परतून येणारा थंड, राखाडी उजेड. दाराशी उतरवलेल्या चपला. शेवटी रंग भडक न करता उलट एक पायरी खाली आणले. इतकं खरं चित्र तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

बैठकीत तेच पडद्यावर आलं. बिल्डर पुढे वाकला.

"ही भिंत कशाला दाखवलीत?"

"आहे म्हणून."

"असलं बघून कोण घर घेईल?"

"ज्याला चालेल तो घेईल. निदान नंतर शिव्या तरी देणार नाही."

"खाली बस," साहेब दातओठ खात म्हणाले. ती बसली नाही.

"माझी इमारत आहे," बिल्डर म्हणाला. "काय दाखवायचं ते मी ठरवणार."

"जरूर ठरवा. माझ्या हातून मात्र होणार नाही."

बैठक तिथेच उठली. बाहेर येऊन तिने ते चित्र काकांना दाखवलं. वाटलं होतं, हायसं वाटेल त्यांना. त्यांचा चेहरा उतरला.

"कशाला दाखवलंस? आम्ही मनाने राहायलासुद्धा गेलो होतो तिथे."

ते तोंड फिरवून गेले. तिला ते साहेबांच्या रागापेक्षा जास्त लागलं. पण पुढच्याच आठवड्यात काका बायकोला घेऊन जागा बघून आले आणि साहेबांच्या टेबलाशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ते घर घेत नाहीये. पोरीचं चित्र खरं आहे." तिच्याशी बोलणं मात्र त्यांनी सुरू केलं नाही.

साहेबांनी सूर्य दुसऱ्याकडून फिरवून घेतला. तिने राजीनामा दिला.

"म्हणजे सूर्य हलवायची नोकरी सुटली," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आता?"

"आता घरूनच. मिळेल ते, पण असेल तसं."

नवऱ्याने जेवणाचं टेबल खिडकीपासून सरकवलं, संगणकाच्या पडद्यावर चमक येऊ नये म्हणून.

पहिलं काम एका लहान दवाखान्याचं आलं. त्याची आर्किटेक्ट नवखी बाई होती. चित्र बघून ती म्हणाली, "सुंदर आहे. पण बाकांवर थोडं ऊन घाला ना."

"तिथे ऊन येतं का?"

"ते काही बघितलं नाही बाई मी."

"मग चला, बघून येऊ."

दोघी अर्धवट बांधलेल्या त्या खोलीत विटांवर बसून राहिल्या. गवंडी येता-जाता बघत होते. आर्किटेक्टने दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"आणि नाहीच आलं तर?"

"नाही आलं तर नाही दाखवायचं. तुम्ही हवं तर दुसरीकडून करून घ्या, मला वाईट वाटणार नाही."

आर्किटेक्ट उठली मात्र नाही. बऱ्याच वेळाने शेजारच्या टाकीमागून उन्हाची एक पट्टी आत उतरली. बाकांवर नव्हे, दाराजवळ, हातभर रुंदीची.

"बाक इकडे आणले तर?" आर्किटेक्ट म्हणाली आणि पायांनीच जागा मोजू लागली.