अठरा मिनिटे आधी लागलेला दिवा

मनुष्याला बोलते करणे हे विद्येचे काम आहे. त्याला योग्य क्षणी थांबवणे हेही विद्येचेच काम. परंतु ते अधिक नाजूक, कारण त्या क्षणी दुसऱ्याचा मान आपल्या हाती असतो.

मित्रांनो, हे दुसरे काम मी एकतीस वर्षे केले. मी एका विद्यापीठाच्या सभागृहातला जुना तांबडा दिवा आहे. वक्ता ज्याच्यामागे उभा राहून बोलतो ते लाकडी उभे मेज तुम्ही पाहिले असेल. सारे त्याला पोडियम म्हणतात. त्याच्या आतल्या उतरत्या फळीवर, कागद ठेवतात तिथेच वरच्या कोपऱ्यात, मला बसवले होते. श्रोत्यांना मी कधीही दिसलो नाही. मला पाहणारा एका वेळी एकच असे, तो म्हणजे बोलणारा. मी लागलो की त्याने हातातले वाक्य पुरे करावे आणि थांबावे, एवढाच माझा अर्थ होता.

माझा जन्म एका रडण्यातून झाला. त्या दिवशी दुपारी एका विद्वान पाहुण्यांचे जाहीर व्याख्यान होते आणि त्यानंतर विद्यार्थिनींचे नृत्य. पाहुण्यांना पन्नास मिनिटे दिली होती. ते दोन तास बोलले. जिभेला हाड नसते असे म्हणतात. त्या दिवशी तिला घड्याळही नव्हते. पडद्यामागे मुली रंग लावून, पोशाख चढवून ताटकळत उभ्या होत्या. व्याख्यान संपले तेव्हा सभागृह पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामे करण्याची वेळ झाली होती. नृत्य झालेच नाही. एक मुलगी व्यासपीठाच्या पायरीवर बसून रडू लागली, आणि गालांवरचा रंग ओघळून तिच्या पोशाखावर पडला.

तिच्या शेजारी नाट्यविभागातल्या एक तरुण शिक्षिका जाऊन बसल्या. त्यांना विद्यार्थीच काय, बरोबरीचे प्राध्यापकही ‘बाई’च म्हणत. दुसऱ्या दिवशी रंगाची एक रिकामी पत्र्याची डबी घेऊन त्या विद्यापीठाच्या वायरमनपुढे उभ्या राहिल्या.

“याचा दिवा करून द्या.”

“बाई, यात अजून गालाला लावायचा रंग चिकटलाय.”

“राहू दे. इथे बोलायला सुरुवात करा म्हणून दहा जण विनवतात. आता पुरे, असं सांगायला एकही जण पुढे येत नाही. ते काम हा करेल.”

वायरमनने भंगारात पडलेल्या एका स्कूटरच्या मागच्या दिव्याची तांबडी काच काढली, घासून पुसून त्या डबीवर बसवली, आत छोटा बल्ब लावला. व्यासपीठाच्या फळ्यांखालून लांबलचक तार ओढत तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि दाराजवळच्या भिंतीवर त्याने एक काळे बटण बसवले.

“दिवा झाला, बाई. पण दाबणारा कोण? पाहुण्याच्या शेपटावर पाय द्यायला छाती लागते.”

छाती असलेला माणूस तिथेच स्टुलावर बसून हे ऐकत होता. सभागृहाची दारे उघडणे, खुर्च्या पुसणे, पाण्याचा तांब्या भरून ठेवणे ही त्याची कामे. वय फार नव्हते, तरी सारे त्याला ‘काका’ म्हणत. तो म्हणाला, “घड्याळ समोर आहे, बटण हाताशी आहे. यात छाती कशाला हवी?”

माझी कामाची वर्षे अशी सुरू झाली.

मित्रांनो, व्यासपीठाच्या त्या कोपऱ्यातून मी जे पाहिले ते फारच थोड्यांना पाहायला मिळते. श्रोत्यांना वक्त्याचा चेहरा दिसतो. मला त्याचे हात दिसत. श्रोत्यांपुढे सिंहासारखे गर्जणाऱ्यांची बोटे मी कागदाची कड चुरगाळताना पाहिली. एका शास्त्रज्ञांनी मी लागताच माझ्यावर आपला रुमाल टाकला आणि आणखी सात मिनिटे बोलून घेतले. एका कवींनी मला निखारा म्हटले आणि जागच्या जागी माझ्यावर चार ओळी रचल्या; वेळ संपल्यावर रचल्या, हे निराळे. चित्रकलेवर बोलणारे एक वृद्ध गृहस्थ मात्र मी लागताच अर्ध्या वाक्यावर थांबले, मला नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसले. ते अर्धे वाक्य लोकांनी पुढे कित्येक दिवस आपापल्या परीने पुरे केले.

काकांना राव आणि रंक सारखेच होते. एकदा साक्षात कुलगुरू बोलत असताना काट्यावर काटा आला आणि मी लागलो. दुसऱ्या दिवशी काकांना बोलावणे आले. परत आल्यावर वायरमनने विचारले, “काय रे, नोकरी राहिली का गेली?”

काका म्हणाले, “मी सांगितलं, साहेब, वेळ तुम्हीच ठरवली होती. मी नुसती आठवण केली. हसले. म्हणाले, असंच चालू दे.”

त्या दिवसापासून माझ्या शब्दाला वजन आले. व्याख्यानमाला असो, वादविवाद असो की काव्यवाचन, निमंत्रणपत्रावरची वेळ आणि माझी वेळ यांत अंतर पडत नसे. पडद्यामागे वाट पाहणारे नट आणि वादक निर्धास्त असत. “तांबडा आहे ना, मग आपली वेळ कोणी खात नाही,” असे ते एकमेकांना सांगत. माझी एवढी स्तुती मला पुरेशी होती.

बाई स्वतः शंभरदा तरी त्या पोडियममागे उभ्या राहिल्या असतील. बोलायला लागण्यापूर्वी त्या मनगटावरचे घड्याळ सोडून फळीवर पालथे ठेवत. नव्या शिक्षकांना सांगत, “घड्याळाकडे बघत बोलणारा स्वतःवर पहारा ठेवतो, त्याचं बोलण्यात लक्ष नसतं. आपण बोलावं, पहारा दिव्यावर सोडावा. दिवा कधी खोटं सांगत नाही.”

त्यांची एक गोष्ट साऱ्या आवाराला ठाऊक होती. ऐन तरुणपणी राणीच्या भूमिकेत उभ्या असताना त्या आपले वाक्य विसरल्या. राजा मरून पायाशी पडलेला. राणी गप्प, प्रेक्षक गप्प. तेव्हा त्या मेलेल्या राजाने ओठ न हलवता पुढचे वाक्य हळूच सांगितले, आणि बाईंचा प्रवेश निभावला. “प्रेक्षकांना वाटलं, राणीला दुःखानं शब्द सुचत नाहीयेत. टाळ्या मला मिळाल्या,” असे म्हणून त्या हसत, आणि सभागृह त्यांच्याबरोबर हसे.

आता मी त्या दिवसाकडे येतो.

बाई निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. कलासप्ताहाचे अखेरचे व्याख्यान त्यांनी द्यावे असे ठरले. सभागृह भरून गेले. पायऱ्यांवरही लोक बसले. त्यांच्या धाकट्या बहिणीने त्यांना हाताला धरून व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आणले. बाईंनी घड्याळ सोडले, पालथे ठेवले आणि माझ्यावरची धूळ बोटाने पुसली.

पहिली वीस मिनिटे त्या पूर्वीसारख्याच बोलल्या. मग मेलेल्या राजाची गोष्ट आली. सभागृह खळखळून हसले. त्या पुढे गेल्या, कुठेतरी वळल्या, आणि काही मिनिटांनी म्हणाल्या, “तुम्हाला एक गंमत सांगते. मी तेव्हा राणीचं काम करत होते...” लोक पुन्हा हसले, पण ते हसणे आदराचे होते. पहिल्या रांगेत त्यांच्या बहिणीने मान खाली घातली.

मी बाईंचे हात पाहत होतो. समोरचा कागद त्यांनी दोनदा उलटला, दोनदा सुलटा केला. त्यांना काहीतरी हरवल्याचे कळत होते. काय हरवले ते कळत नव्हते. मग त्यांनी मान वर केली, चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू आणले आणि म्हणाल्या, “तुम्हाला एक गंमत सांगते...”

या वेळी कोणी हसले नाही. मागच्या रांगांत कुजबुज उठली. एका तरुणाने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितले आणि दोघांचे खांदे हलले. व्याख्यानाची बत्तीस मिनिटे झाली होती. अजून अठरा मिनिटे उरली होती, आणि अठरा मिनिटांत ती गोष्ट आणखी चारदा सांगून झाली असती.

त्याच क्षणी मी लागलो.

मित्रांनो, दिव्याला आपल्या इच्छेने लागता येत नाही. तारेतून जे येते ते मी दाखवतो. पण एकतीस वर्षांत ते कधी एक मिनिटही आधी आले नव्हते. मला वाटते, काकांचे बोट त्या बटणावर बराच वेळ नुसते टेकून असावे.

बाईंनी मला पाहिले. बोलता बोलता त्या थांबल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरचे ओझे कोणी उचलून घ्यावे तसे ते खांदे सैल झाले. “दिवा लागला,” त्या श्रोत्यांना म्हणाल्या. “हा मीच लावून घेतलेला आहे. त्याचं मी ऐकलं नाही, तर तुम्ही माझं का ऐकावं?” त्यांनी हात जोडले. सारे सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या. खांदे हलवणारे ते दोघेही उभे होते.

बाईंनी घड्याळ उचलले, मनगटावर बांधताना त्यात पाहिले, आणि पुन्हा एकदा पाहिले. दाराशी पोहोचल्यावर त्या काकांपुढे थांबल्या. सभागृह तोवर रिकामे झाले होते, म्हणून त्यांचे बोलणे मला ऐकू आले.

“काका, माझं घड्याळ मागे पडलंय वाटतं.”

“सेल संपत आला असेल, बाई.”

“तसंच असणार.” घड्याळाची काच बोटाने पुसून त्या म्हणाल्या, “उद्याच बदलून घेते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रमाचे संयोजक पोडियमपाशी आले. ते तरुण प्राध्यापक होते. मनाने वाईट नव्हते, पण हिशेबाला चोख. बरोबर काका होते आणि जुन्या वायरमनचा जावई होता, जो आता सासऱ्याच्या जागी काम करत होता.

“काका, अठरा मिनिटं आधी दिवा लागलाच कसा? एवढ्या मोठ्या बाई, अजून किती बोलल्या असत्या! तुमचा हात लागला का बटणाला?”

आता सांगा मित्रांनो, काकांनी काय म्हणावे? हात लागला म्हणावे, तर का लागला हा प्रश्न आला. आणि त्याचे उत्तर म्हणजे बाईंचे विसरणे साऱ्या आवाराच्या तोंडी देणे. नाही लागला म्हणावे, तर दोष माझ्याकडे आला.

काका म्हणाले, “दिवा बिघडलाय, सर. जुना झाला.”

जावयाने माझी काच काढली, तार ओढून पाहिली, मला दहा वेळा लावले आणि विझवले. “काका, दिवा ठणठणीत आहे की! आमच्या सासऱ्यांचं काम आहे हे.”

“नीट बघ,” काका हळू आवाजात म्हणाले. “बिघाड आहे.”

जावई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने काच परत बसवली आणि हात पुसले. “हो, आहे खरा. अधूनमधून येणारा दिसतोय. असला बिघाड सापडत नाही, सर. बदललेलाच बरा.”

संयोजक खिन्न होऊन म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आम्ही बिघडलेल्या दिव्यावर वेळ पाळत होतो तर!”

काकांनी एकतीस वर्षे कमावलेला शब्द त्या एका वाक्यात मातीला मिळाला. त्यांनी खाली मान घालून माझे स्क्रू सोडवले. माझी तार कापताना मात्र त्यांनी मला तळहातावर धरले होते. माझ्या जागी आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पडद्यांमध्ये जाऊन पडलो. दिव्याखाली अंधार असतो ही म्हण तुम्ही ऐकली असेल. तिथे तो वरही होता. पण ज्या दोषाने मला तिथे पाठवले तो माझा नव्हता, आणि ज्याने तो माझ्यावर टाकला त्याला मी दोष देऊ शकत नव्हतो. म्हणून मला त्या अंधाराची तक्रार करता आली नाही.

काही महिन्यांनी खोलीचे दार उघडले. बाईंचा आवाज आला.

“माझा दिवा कुठे आहे?”

“इथेच आहे, बाई. अडगळीत,” काका म्हणाले.

“अडगळीत जायची वेळ माझी आलीय, त्याची नाही. काढा बाहेर.”

संयोजकांनी परवानगीच्या कागदावर सही केली, आणि कापडी पिशवीत, बाईंच्या मांडीवर बसून, मी त्यांच्या घरी आलो. आता मी त्यांच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर असतो. माझी तार दोन बोटे लांब, कापलेलीच आहे. ती कशालाही जोडलेली नाही.

रविवारी सकाळी काका येतात. तेही आता निवृत्त झाले आहेत. चहा होतो. बाई माझ्याकडे पाहतात, काकांकडे पाहतात आणि म्हणतात, “काका, तुम्हाला एक गंमत सांगते. मी तेव्हा राणीचं काम करत होते...”

परवा त्यांची बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “अगं ताई, ही गोष्ट तू आत्ताच सांगितलीस!”

बाईंनी शांतपणे माझ्याकडे बोट केले. “मग दिवा लागला असता की. लागलाय का?”

बहीण दारात येऊन उभी राहिली. तिने मला पाहिले, माझी कापलेली तार पाहिली. “नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे वेळ आहे अजून.”

काकांनी कप खाली ठेवला, आणि जणू प्रथमच ऐकत असल्यासारखे विचारले, “मग पुढे काय झालं, बाई? राजा तर मेलेला होता ना?”

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. एखादी जुनी वस्तू बिघडली म्हणून टाकून देण्यापूर्वी, तिच्या माथी मारलेला दोष खरोखर तिचाच आहे का, एवढे एकदा पाहा. आणि एखादे जुने माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले, तर तुमच्या हातातल्या बटणाचा विचार करा. भर सभेत ते कधी दाबावे लागते. घरात त्याची तार कापून ठेवावी.

त्या काकांच्या बोटाला कंप न येवो. त्या बहिणीचे ऐकणे न सरो. आणि ज्यांनी मला घडवले त्या बाईंना, शेवटच्या वाक्यापर्यंत, कोणी ना कोणी पुढचा शब्द हळूच सांगत राहो.