घाव घालून पाहिलेलं पाळणाघर

जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत पहिला घाव त्याचा असे, म्हणून सगळे त्याला घणवालाच म्हणत. भिंतीवर एक सणसणीत घाव घालायचा, कान देऊन आवाज ऐकायचा आणि सांगायचं: ही पोकळ, ही भरीव. त्यात तो कधी चुकला नव्हता. वाईट एवढंच, की हीच रीत तो कलिंगडापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना लावी.

सोमवारपासून त्याची बायको इस्पितळात परिचारिका म्हणून पुन्हा रुजू होणार होती. अडीच वर्षांच्या चिमणीला ठेवायचं कुठं, हा प्रश्न घरात ठाण मांडून बसला होता. बायको एकेका पाळणाघरात जाऊन विचारून येई. एका आयेकडे मुलं किती? झोपतात कुठं? पडलं-झडलं तर काय करता?

"विचारून काय कळतंय?" घणवाला म्हणे. "भिंतीला कोणी विचारतं का, बाई गं, तू पक्की आहेस ना म्हणून? घाव घालावा लागतो."

"तू नको घालूस बाबा कुठं घाव. माणसं आहेत ती."

पण ऐकेल तर तो घणवाला कसला! पहिल्या पाळणाघरात तो एकटाच गेला. लोखंडी टाचेच्या बुटाने दारावर लाथ हाणली आणि छत हादरेल असा ओरडला, "एकालाही सोडणार नाही!" गळ्यात टाय बांधलेला व्यवस्थापक मुलांना तिथंच टाकून मागच्या खिडकीतून पसार झाला. पहारेकरी तेवढा अंगावर आला. घणवाल्याने त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात रंगीत खडूंमध्ये जाऊन पडले. सुजलेली बोटं चोळत तो घरी आला आणि म्हणाला, "पोकळ."

दुसऱ्या ठिकाणी आवाज झाल्याबरोबर तिथल्या बाईने जवळच्या रडणाऱ्या पोराच्याच थोबाडीत दिली. घणवाल्याचं डोकं फिरलं. त्याने तिचं कपाट उलथं केलं, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने त्याच्या पाठीत खुर्ची घातली. मग नवरा किती मार खाऊन उठला, हे न सांगितलेलंच बरं.

तिसऱ्या वेळी बायको हट्टाला पेटली. "या खेपेला मी येणार, चिमणीही येणार आणि तू बाहेर बसणार. पायरीवर. हात खिशात घालून."

तो बसला. आत चिमणीला तासभर इतर मुलांत रमवायला ठेवलं होतं आणि बायको आतल्या खोलीत पाळणाघर चालवणाऱ्या बाईंशी बोलत होती. दाराआडून हसण्याचे आवाज येत होते. घणवाल्याला ते हसणं काही केल्या पटेना. गोड आवाजाच्या भिंतीच आधी कोसळतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पोर आत, आणि आपण बाहेर हात खिशात घालून बसलोय! शेवटी त्याला राहवलं नाही.

पहिल्याच लाथेत दार बिजागरीतून निखळलं. काचा आतल्या फरशीवर सांडल्या. "सोडणार नाही!" म्हणून तो गरजला.

एक तरुण आया फक्त म्हणाली, "दोरी!" पोरं रडत होती, पण रडता रडता प्रत्येकाने भिंतीवरच्या लांब दोरीची एकेक गाठ मुठीत धरली आणि ती माळ मागच्या दाराने बाहेर पडू लागली. झाडूवाली समजून त्याने जिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, त्या जाड्या मावशीने आग विझवायची लाल नळकांडी भिंतीवरून उतरवली आणि एक शब्द न बोलता त्याच्या उजव्या खांद्यावर हाणली.

गळ्याजवळचं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं. घणवाला आनंदाने ओरडला, "भरीव!"

दुसरा घाव गुडघ्यावर बसला. तिसरा तोंडावर. त्याला भरदिवसा तारे दिसले, जिभेवर स्वतःचेच दात आले. मावशीने त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि मागे हाक दिली, "सगळे आहेत का गं?"

"एक कमी आहे मावशी!"

टेबलाखाली चिमणी होती. रडत नव्हती. भिंतीकडच्या पायाला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून, डोळे गच्च मिटून बसली होती.

तरुण आया धावत आली. "आजच आली ही. हिला दोरी शिकवलीच नव्हती."

"हे मात्र शिकून आलीय," मावशी म्हणाली.

आतून बायको आणि बाई धावत आल्या. बायकोने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती टेबलाशी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "संपलं गं, संपलं. बाबा थांबले." तेव्हा कुठं चिमणीने डोळे उघडले.

मावशीने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "हा तुझाच का?"

"माझाच."

"हेच पाळणाघर घ्यायचं!" घणवाला रक्त थुंकत म्हणाला. "पक्कं आहे. आणि मावशी, असं बघू नका. पोरीला मी कधी बोट लावलेलं नाही. विचारा हिला."

"तिला नाही लावलंस," बायको म्हणाली. "दाराला लावलंस, ताटांना लावलंस. मला लावलंस. ती तेव्हा टेबलाखाली असते."

"कधी? मला कधी दिसली नाही."

"तू खाली बघतोस कुठं?"

बाई बायकोला म्हणाल्या, "मुलीला आम्ही ठेवू. पण हे गृहस्थ पुन्हा या दारात दिसले, तर नाही."

बायको चिमणीला टेबलाखालून बाहेर काढू लागली. घणवाल्याचा धीर सुटला. "अगं, हो म्हण की! सोमवार तोंडावर आलाय. नाही येणार मी या दारात. शपथ."

"या दाराचं मी बोलतच नाहीये." तिने चिमणीला कडेवर घेतलं आणि मोकळा हात पुढे केला. "घराची किल्ली दे."

घणवाल्याची डावी मूठ आपोआप वळली. मावशीने नळकांडी उचलली. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आईच्या खांद्यावरून चिमणीला ती मूठ दिसली होती आणि तिचे दोन्ही हात सावकाश डोक्याकडे चालले होते.

त्याने मूठ उघडली. किल्ली उजव्या खिशात होती आणि उजवा हात मेला होता. डावा हात अंगावरून तिकडे नेताना मोडलेलं हाड हाडावर घासलं, तसा तो गुरासारखा ओरडला आणि लगेच ओठ चावून गप्प झाला. किल्ली निघायला बराच वेळ लागला. कोणीही मदतीला वाकलं नाही.