गणूचं अंथरूण

फोन आला तेव्हा अबुधाबीत सकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि गणू खजुरावर चढायचा पट्टा कमरेला बांधत होता.

"गण्या, रंजीला कळा सुरू झाल्या," सत्यभामा म्हणाली. "झोप."

"आये, मी कामावर आलोय."

"काम कुठं पळून जातंय? तू नाही झोपलास तर रोशन झोपेल. त्यानं आंघोळसुद्धा करून ठेवलीय."

आईने फोन ठेवला. गणूने पट्ट्याचं बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

गणू कैकाड्यांचा. त्याच्या आजोबांपर्यंत घर म्हणजे दोन गाढवं, एक कापडी पाल आणि गावाबाहेर मिळेल ती जागा. टोपल्या विणायच्या, धान्याच्या कणग्या विणायच्या, आणि गावात कुठे चोरी झाली की चौकशीला कुणी यायच्या आत बिऱ्हाड उचलायचं. आता सोलापूरजवळ पत्र्याची वस्ती झाली होती, घराघराला वीज होती. पण त्यांच्या घराण्यातली एक रीत सगळ्या मुक्कामांतून तशीच चालत आली होती. बाकीच्या कैकाड्यांना ती ऐकून हसू यायचं. बाईला कळा लागल्या की नवऱ्याने अंथरुणात पडायचं. बायकोची नेसती साडी पांघरायची, हिंग-गुळाची गोळी तोंडात धरायची. नाळ कापल्याचा निरोप येईपर्यंत बोलायचं नाही आणि पाय जमिनीला लावायचे नाहीत. जो पडला तो बाप. अंथरूण रिकामं राहिलं तर मूल जगत नाही, म्हणून नवरा नसेल तर भावकीतल्या दुसऱ्याने पडायचं. मग मूल त्याचं.

रोशन हा गणूचा चुलत भाऊ. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं.

गणूची दोन मुलं गेली होती. पहिल्या वेळी तो बाजारात टोपल्या विकत होता, अर्धा तास उशिरा पडला. मूल तिसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्या वेळी तो सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभाच राहिला, कारण तिथे पडायला कुणी देईना. तेही तिसऱ्या दिवशी गेलं. रीत खरी की खोटी, यावर तो कुणाशी वाद घालत नसे. दोनदा मोडून झाली होती. तिसऱ्यांदा मोडून पाहायची त्याची तयारी नव्हती. पंधरा दिवसांपासून रंजिताची हिरवी साडी आणि हिंगाची डबी त्याच्या जेवणाच्या पिशवीत होती.

तो फोरमनकडे गेला. गुणवंत अकोल्याचा. हातातल्या यादीवरून त्याने मान वर केली नाही.

"दादा, आज सुट्टी पाहिजे."

"कशाला?"

"बायको बाळंत होतेय."

"सोलापुरात ना? मग तू इथून काय गरम पाणी पाठवणार?"

"मला झोपायचंय."

आता गुणवंतने वर पाहिलं. "बाळंतीण कोण रे, ती का तू?" तो हसला, शेजारचे दोघे हसले. "हबीबी, दोन माणसं आधीच कमी आहेत. सिक लीव्ह हवी तर डॉक्टरचा कागद आण. नाहीतर साडेबाराला उन्हाचा ब्रेक आहे, तीनपर्यंत हवं तेवढं लोळ. यल्ला, चढ!"

गणू चढला. जून महिना होता. घड पिवळे पडू लागले होते आणि प्रत्येक घडाला जाळीची पिशवी बांधायची होती. वर चढताना मोबाइल न्यायला मनाई होती, तो खाली पिशवीत राहिला. गणूने पहिल्या झाडाचे नऊ घड बांधले, दुसऱ्याचे अकरा. हात आपोआप चालत होते. गाठ मारताना त्याच्या मनात काहीच नव्हतं, भीतीसुद्धा नव्हती. फक्त कानांत खालच्या गाड्यांचा आवाज भरून राहिला होता.

तिसऱ्या झाडावरून तो उतरला तेव्हा नऊ वाजले होते. मोबाइलवर आईचा आवाज येऊन पडला होता, पंधरा मिनिटांपूर्वीचा. "डोकं दिसतंय. दवाखान्याची गाडी यायच्या आतच होतंय सगळं. पडलायस ना?"

गणूने बूट काढले. रस्त्याकडेच्या गवतावर, पाण्याच्या बारीक नळीवर, तो आडवा झाला. हिंगाची गोळी तोंडात टाकली आणि हिरवी साडी डोक्यापर्यंत ओढली.

"गणू गिर गया!" कुणीतरी ओरडलं.

पळापळ झाली. कुणी त्याच्यावर पाणी ओतलं, कुणी शर्टाची बटणं काढली. गुणवंतचा आवाज अगदी कानाशी आला. "गणूभाऊ, ऐकू येतंय का? अरे, बोल ना काहीतरी!" मग तो दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, "सकाळीच म्हणत होता, झोपायचंय. मीच चढवला याला. ऊन लागलं, दुसरं काय."

गणूला सगळं ऐकू येत होतं. त्याने डोळे मिटून ठेवले. रुग्णवाहिका आली, त्याला उचलून आत ठेवलं. पाय जमिनीला लागू दिले नाहीत, एवढंच त्याने सांभाळलं.

हॉस्पिटलात त्याच्या काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, हाताला सलाइन लावलं. लायबा नावाची पाकिस्तानी नर्स होती. तिने ताप पाहिला, छत्तीस पूर्णांक नऊ सेल्सिअस, म्हणजे ताप नाहीच. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, साखर ठीक. तिने नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"भाई, हींग खाया है? गैस है क्या?"

गणू गप्प. डॉक्टर आले. त्यांनी त्याला पाय खाली सोडून उभं राहायला सांगितलं. गणूने पाय पोटाशी घेतले. पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा घेतले. डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली.

साडेदहाच्या सुमारास कपड्यांच्या पिशवीत मोबाइल चौथ्यांदा वाजला. तो थांबेना, तेव्हा लायबाने उचलून गणूच्या कानाला लावला.

"मुलगी झाली," सत्यभामा म्हणाली. "नाळ कापली. बोल आता."

"आये."

"अरे, ये तो बोलता है!" लायबा मागे सरकली.

"रोशन अंथरुणाशी येऊन बसला होता रे," सत्यभामा भरभर बोलत होती. "मी त्याला पडू दिलं नाही. म्हटलं, माझा गण्या तिकडं पडलाय. आता पंच पुरावा मागतायत. आत्ताच्या बैठकीत दिला नाही तर पोर रोशनच्या नावावर."

गणूने लायबाकडे कागद मागितला. तिने दाखवला. नाव, कंपनी, आणल्याची वेळ नऊ चाळीस, ऊन लागल्याचा संशय, उभं राहता येत नाही. त्याने फोटो काढून पाठवला.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी हसत होतं.

"झालं! मास्तरांच्या पोराकडून वाचून घेतलं. नऊ चाळीस. आणि पोर झाली दहा वीसला. पंच म्हणाले, परमुलखात राहून चाळीस मिनिटं आधी पडला, बाप शोभतो. रोशन घरी गेला."

गणूने मनात वजाबाकी केली. तिथले दहा वीस म्हणजे इथले आठ पन्नास. आठ पन्नासला तो तिसऱ्या झाडावर होता, सहाव्या घडाला गाठ मारत होता. तो पडला नऊला. वस्तीत कुणालाच दोन घड्याळांतला हा दीड तास सुचला नव्हता.

"वेळेत पडलास ना रे?" आईने आवाज खाली आणून विचारलं.

"वेळेत," गणू म्हणाला.

दुपारी गुणवंत गणूचे बूट आणि लबनची, तिकडच्या ताकाची, बाटली घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला अवघडून बसला. "तीन दिवस रूमवर आराम. नंतर झाडावर चढायचं खलास, मेडिकलवाले नाही म्हणतात. नर्सरीत कुंड्या भरशील. पगार थोडा कमी, पण सावली आहे." मग बाटलीचं झाकण उघडून देत म्हणाला, "सकाळी मी हसलो, ते मनावर घेऊ नको."

"तीन दिवस?" गणूने विचारलं.

"तीन."

मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात गणू तीन दिवस वरच्या बंकवर पडून राहिला. हिरवी साडी अंगावर होती. उतरायचा तो फक्त मोरीपुरता. सोबतचे विचारायचे, ऊन उतरलं का, आणि तो मान हलवायचा. आईचा फोन रोज यायचा. पहिल्या दिवशी, दूध ओढतेय. दुसऱ्या दिवशी, तुझ्यासारखं नाक आहे, पंचांनी पण पाहिलं. तो हं म्हणायचा. छताचे पत्रे मोजले, अठरा निघाले. पुन्हा मोजले.

तिसऱ्या दिवशी फोन सकाळी आला नाही. दुपारी आला नाही. गणूनेही केला नाही. सव्वापाचला वाजला.

"अरे, चार्जिंग नव्हतं," सत्यभामा म्हणाली. "ऐक."

रडण्याचा आवाज आला, बारीक, चिरका, न थांबणारा. गणूने मोबाइल कानाशी धरून ठेवला.

"ऐकलंस का? नाव काय ठेवायचं ते बापानं सांगायचं असतं."

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

त्याने साडीची घडी घातली आणि शिडीवरून खाली उतरला. बूट तीन दिवसांपासून कोपऱ्यात पडले होते, तळाला अबुधाबीची वाळू. त्याने ते घातले आणि नाडी बांधली. झाडावर घडांना मारायचा तीच गाठ त्याने मारली.