भिकाजींचा दुसरा मुलगा

परका माणूस दारात येऊन आपलंच आडनाव सांगायला लागला की समजावं, याला जमीन हवी आहे.

अँगस मॅक्रे नावाचा साठीचा गोरा माझ्याकडे आला तेव्हा मी आधी त्याच्या बॅगेकडे पाहिलं. त्यानं तिच्यातून एक कागद काढला. शंभर वर्षांपूर्वीचा, बोटीवरच्या खलाशाचा. त्यावर नाव होतं गंगाराम भिकाजी शिवलकर, मौजे आरे, रत्नागिरी.

भिकाजी माझे पणजोबा. त्यांचा थोरला मुलगा सखाराम, म्हणजे माझे आजोबा. धाकटा गंगाराम बोटीवर गेला आणि परतला नाही, एवढंच घरात बोललं जायचं.

माझी मुलगी नेत्रा कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती मधे बसून सांगत होती. हा अँगस स्कॉटलंडचा. मॅक्रे हे तिथलं एक कूळ, आपल्याकडे भावकी असते तसं. त्यांचा ठरावीक चौकड्यांचा कपडा असतो, संस्था असते, मेळावे होतात. चाळीस वर्षं हा तो चौकड्यांचा घागरा नेसून मेळाव्यांत मिरवला. निवृत्त झाल्यावर आडनावाचा माग काढत गेला, तर आजोबांपाशीच कूळ संपलं. आजोबा निघाले ग्लासगोच्या गोदीतले आमचे गंगाराम. तिथं कुणाला शिवलकर म्हणता येईना, म्हणून त्यांनी बायकोचं आडनाव लावलेलं.

"संस्थेनं त्यांना काढलं नाही हां बाबा," नेत्रा म्हणाली. "त्यांच्यात पूर्वीपासून सरदाराच्या आश्रयाला आलेला कुणीही त्याचं आडनाव लावायचा. पण त्यांना आता आपली खरी माणसं बघायचीत."

"बघून काय करणार?"

"काय नाय. वंशावळीत आजोबांचं नाव लिहिलेलं बघायचंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तीस वर्षं कचेरीत कागद हाताळलेत. नुसतं नाव बघायला कुणी सातासमुद्रापलीकडून येत नाही. आरे-वारेच्या रस्त्याला भिकाजींपासून चालत आलेली आमची हापूसची बाग आहे, अगदी समुद्रासमोर. आठवड्याला एक तरी एजंट ती बघून जातो. गंगारामाला वारस निघाला तर निम्मी बाग गेली.

आणि दुसरंही एक होतं. बाबा वारले तेव्हा वारस नोंदीसाठी मीच प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून दिली होती. बाबांच्या खाली एकच नाव, दाजी, म्हणजे मी. थोरली बहीण बकुळा हातखंब्याला दिलेली. तिचं नाव मी घातलं नाही. लग्नात तिला सोनं दिलंय, मग बाग कशाला, असं मी स्वतःला समजावलं होतं. याला चौदा वर्षं झाली आणि तिला याचा पत्ता नव्हता. वंशावळ कुणी उसवायला घेतली तर पहिला टाका कुठला निघेल, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टॅम्प पेपर आणला. शिवलकरांच्या कोणत्याही मिळकतीवर माझा हक्क नाही, असं त्यावर त्याच्या नावानं टाइप करून घेतलं. नेत्रा माझ्यावर चिडली, पण तिनं त्याला वाचून दाखवलं. अँगसनं खिशातलं पेन काढून सही केली. एक प्रश्न विचारला नाही. इतक्या सुखासुखी सही करणारा माणूस मला जास्तच घातकी वाटला.

म्हणून नेत्रा कॉलेजला गेलेली बघून मी त्याला प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स दिली. तीत भिकाजींना एकच मुलगा, सखाराम. खाली सरकारी शिक्का. बघ म्हटलं, तुझा आजोबा इथं नाहीच. फोनमधल्या कसल्याशा ॲपनं त्यानं ती वाचली आणि डोळे पुसले. मला तेही नाटक वाटलं. मी मात्र माझ्या हुशारीवर खूश होतो.

दोन दिवसांनी तो वंशावळीचा गुंडाळलेला मोठा तक्ता घेऊन आला.

"गंगारामांचं नाव त्यांनी पेन्सिलनं लिहिलंय," नेत्रा म्हणाली. "घरातल्या थोरल्या माणसानं हो म्हटलं तरच शाईनं लिहिणार. मी सांगितलं, आत्या सगळ्यात थोरली. गाडी ठरवलीय."

मी घाईघाईनं म्हणालो, "तिला कशाला त्रास? तिचे गुडघे दुखतात."

"म्हणून तर आपण जायचं."

मीही गाडीत बसलो. दोघांना एकटं पाठवणं त्याहून वाईट होतं.

बकुळाताईचं हायवेला कोकम सरबत नि आंबापोळीचं दुकान आहे. गंगारामाचा नातू म्हटल्यावर तिनं अँगसला आत नेऊन बसवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं टेबलावर तक्ता उलगडला. सगळं इंग्रजीत.

"नेत्रा, वाच गो."

नेत्रा बोट फिरवत वाचू लागली. भिकाजी. त्यांची मुलं सखाराम आणि गंगाराम.

"गंगाआजोबांचं शाईनं लिव म्हणावं," ताई म्हणाली. "घरातलाच माणूस तो."

अँगसनं पेन्सिलीवरून शाई फिरवली. शाई वाळेपर्यंत तो तक्ता दोन्ही हातांनी धरून वाकून बसला. त्या क्षणी मला कळलं की त्याला खरोखरच एवढंच हवं होतं.

"पुढं वाच. आमच्या बाबांच्या खाली?"

"दाजी," नेत्रा म्हणाली आणि थांबली. तिनं पुन्हा तक्त्यावर पाहिलं. मग माझ्याकडे.

अँगस गोंधळला. त्यानं नेत्राला काहीतरी विचारलं. "ते म्हणतायत," ती हळू आवाजात म्हणाली, "घरून मिळालेल्या कागदात एकच नाव होतं. त्यांना वाटलं, तू माझ्या बाबांची चुलत बहीण."

"कुठला कागद?"

अँगसनं बॅगेतून झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. ती मराठीत होती. ताईनं चष्मा लावून सगळी वाचली, शेवटी माझी सहीसुद्धा. बाहेर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता.

"शंभर वर्सांनी आला त्याला नाव मिळालं," ती म्हणाली. "मी कुठं गेलेली रे, दाजी? हातखंब्यालाच होते ना?"

सोन्याचं बोलणं ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. मला लाज वाटली. चौदा वर्षं उशिरा, पण वाटली.

काय झालं ते अँगसला न सांगताच समजलं असावं. त्यानं पेन ताईपुढे धरलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं.

"तू लिही. तुझ्या हातानं पुसलंस, तुझ्याच हातानं येऊ दे."

मी बाबांच्या खाली एक रेघ ओढली आणि मराठीत बकुळा लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ताईनं ते नीट पाहिलं आणि चष्मा काढला.

"हे झालं भिंतीवर लावायचं," ती म्हणाली. "तलाठ्याची कचेरी किती वाजता उघडते रे?"

"पावणेदहाला," मी म्हणालो.