कॅमेऱ्याचे दात

सहादेवमामाला सोबत न्यायचं की नाही, यावर सृष्टीनं दोन दिवस विचार केला आणि शेवटी नेलंच. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तीस वर्षं दलाली केलेला माणूस. गाय दोन पावलं चालली की तिचं वय, दूध आणि मालकाचा खोटेपणा असं सगळं सांगून मोकळा. जुनी वस्तू घ्यायची तर असा माणूस बरोबर हवा, एवढाच तिचा विचार होता. कॅमेऱ्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिला तरी कुठं कळत होतं?

तिला रोलचा कॅमेरा हवा होता. मोबाईलमध्ये सहा हजार फोटो पडून होते आणि त्यातला एकही तिनं दुसऱ्यांदा बघितला नव्हता. एका रोलच्या छत्तीस फोटोंत बसेल तेवढंच बघायचं, पण नीट बघायचं, असं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. इंटरनेटवरच्या किमती बघून तिनं तो नाद जवळजवळ सोडला होता. तेवढ्यात ती कामाला होती त्या मेडिकलवर शलमोनकाका रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. त्यांचा पूर्वी गावात फोटो स्टुडिओ होता, म्हणून तिनं त्यांना कॅमेऱ्याचं विचारलं.

"माझ्याकडं एक पडून हाय," ते म्हणाले. "दोन हजार दे. कुणाच्या तरी हातात फिरू दे त्याला."

रविवारी मामा-भाची त्यांच्या घरी गेली. काकांची बायको मरियाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी घर स्वच्छ होतं. काकांनी कपाटातून कॅमेरा काढला. काळा, रुपेरी कडांचा, वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं आणि खटका दाबायचा. सेल नाही, काही नाही. त्यांनी भिंग उजेडाकडे धरलं.

"आत जाळं दिसतंय का बघ. पावसाळ्यात बुरशी धरती. न्हाई ना? मग अर्धी काळजी मिटली. थांब, चष्मा आणतो, मग खटक्याचा आवाज कसा ऐकायचा ते दाखवतो."

इतक्या निवांतपणे सृष्टीला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. ती भारावून बसली. काका आत गेले आणि मामानं कॅमेरा उचलला.

"मामा, राहू दे ना."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तू," मामा म्हणाला. "खोड बाजारात कळली पायजे, गोठ्यात न्हाई. तोंड उघडल्याबिगर दात कसं दिसायचं?"

त्यानं कॅमेरा हलवला, कानाशी धरला, बाजूची खिट्टी शोधली आणि ओढली. मागचं दार उघडलं. आत तपकिरी पट्टी चमकली. नीट दिसावी म्हणून मामानं ती चांगली खिडकीसमोर धरली.

"मिटा! आधी मिटा!" दारातून काका ओरडले.

मामानं दार मिटलं. काका येऊन खुर्चीत बसले. त्यांचा चष्मा हातातच राहिला होता.

"रोल हुता आत," ते म्हणाले. "मी समजलो, तवाच काढला. शेवटच्या नाताळात मरियाचे दोन-तीन फोटो काढले हुते. नवं लुगडं नेसली हुती. पुढं ती आजारी पडली अन् कॅमेरा कपाटात गेला."

सृष्टीला धरणी दुभंगावी असं झालं. मामाचा चेहरा तर पार उतरला.

"समदं गेलं का हो?" त्यानं विचारलं.

"उजेड वरच्या वेटोळ्यावर आधी पडतो. म्हंजे शेवटी काढलेले गेले. नाताळ गेला. आतले, सुरुवातीचे वाचले तर वाचले. त्यात ती आसंल, तर..." काका थांबले. "तुमचा दोष न्हाई. चाळीस वर्षं धंदा केला अन् आत रोल हाय का तेवढं बघायचं मीच विसरलो."

"अतिशहाण्याचा बैल रिकामा, दुसरं काय!" मामा स्वतःलाच म्हणाला.

काकांनी रोल गुंडाळून बाहेर काढला. सृष्टीनं तो पुण्याहून धुऊन आणायचं कबूल केलं. मग काकांनी कॅमेरा तिच्या पुढ्यात सरकवला. ठरलं ते ठरलं, म्हणाले. शेळीच्या दोरीवरूनसुद्धा घासाघीस करणाऱ्या मामानं दोन हजार रुपये मुकाट्यानं काढून दिले.

कुरियरवर मामाचा विश्वास नव्हता. रोल खिशात घालून तो स्वतः सृष्टीबरोबर पुण्याला गेला आणि आठ दिवसांनी आणायलाही तिच्याबरोबर गेला, तोही बाजाराचा दिवस बुडवून. लॅबमधल्या बाईंनी पाकीट दिलं. छत्तिसातले सातच आले होते.

परतताना सृष्टीनं एसटीत पाकीट उघडलं. मरियाबाई एकाही फोटोत नव्हत्या. सातही फोटो काकांचेच होते. वर्तमानपत्राखाली झोपलेले काका. तोंड वाकडं करून दाढी करणारे काका. सायकल धुणाऱ्या काकांची नुसती पाठ. एका फोटोत तर ते चहा ओतत होते आणि अर्धा फोटो गुलाबीसर डागानं झाकला होता. तो तिनं सगळ्यांत खाली सरकवला.

दोघं तसेच काकांच्या घरी गेले. काकांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो हातात घेतला.

"काका, त्यांचा एकही नाही," सृष्टी म्हणाली.

काका हळूच हसले. "मीच शिकवलं हुतं तिला. दिवसभर गळ्यात घालून फिरायची. मला वाटायचं, कोंबड्यांचे काढती." त्यांनी दाढीचा फोटो पुन्हा बघितला. "साऱ्या गावाचे फोटो काढले मी. माझा कुणी काढला न्हाई, मी कायम कॅमेऱ्यामागं. अन् ही बघ, गुपचूप काढत हुती. लई उपकार झाले, पोरी. सहादेवराव, तुमचेबी."

मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. उपकार तर आपल्यावर झालेत, असं सृष्टीला म्हणायचं होतं. ज्या माणसाचा नाताळ आपण घालवला, तो आपले आभार मानत होता.

काका शेवटच्या फोटोपाशी आले.

"तो बिघडलाय," सृष्टी घाईनं म्हणाली.

काका तो घेऊन दाराच्या उजेडात गेले. त्यांनी आपलं बोट त्या गुलाबी डागावर ठेवलं.

"कितीदा सांगितलं हुतं, भिंगापुढं बोट आणू नको. ऐकायची न्हाई," ते म्हणाले. बोट त्यांनी तिथून हलवलं नाही. "पोरी, पुण्यात हा मोठा करून मिळंल का? बोट हाय तेवढं तसंच राहू दे म्हणावं."

"मी जातो," मामा उठत म्हणाला. "उद्याच जातो."