आठवणी खाणारी गोळी आणि मी

मी एक जुनी, प्लॅस्टिकची, आठ खणांची डबी आहे. माझा जन्म मासे धरायचे गळ ठेवण्यासाठी झाला. फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या तासियोने मला वीस वर्षं होडीत वापरलं. मित्रांनो, मी खवळलेला समुद्र पाहिला आहे, पण एक गळ सांडू दिला नाही. "बायको विसरेन, डबी नाही," असं तासियो चारचौघांत म्हणायचा. ही स्तुती त्याच्या बायकोला, क्लारिंगला, फारशी आवडत नसे.

मग तासियो शहरातल्या इस्पितळात वारला. क्लारिंगने वर्षभराच्या दुखवट्याचे काळे कपडे घातले आणि अंथरूण धरलं. नवरा म्हटला की तिला ती खाट, ती नळी आणि तो शेवटचा गुरुवार एवढंच आठवे. चाळीस वर्षांच्या संसारातलं बाकी काही म्हणजे काही नाही. तिची मुलगी मेरिविक तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या.

मेरिविकने मला तीनदा साबणाने घासलं आणि नखांच्या रंगाने माझ्यावर सात वार लिहिले. मासळीचा वास काही गेला नाही. आठव्या खणाला कामच उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

क्लारिंग रोज सकाळी दाराजवळच्या तासियोच्या चपला बघून रडायची. सहा आठवड्यांनी एके सकाळी तिने चपला बघितल्या आणि सरळ कॉफी करायला गेली. मग आपण रडलोच नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिचं धाबं दणाणलं.

"म्हटलं नव्हतं?" शेजारची पासिंग म्हणाली. "ती गोळी आठवणी खाते गं! आज चपला, उद्या अख्खा नवरा. वर्षाने काळं उतरवशील तेव्हा लोक विचारतील, कोणासाठी घातलं होतंस, तर काय सांगशील?"

क्लारिंगने मला तांदळाच्या पिंपामागे टाकून दिलं. चार दिवस मी झुरळांच्या संगतीत काढले. तिकडे तिला गरगरायला लागलं. तिने कॉफीत मीठ घातलं. शेवटी मेरिविकने मला शोधलं आणि आम्हा दोघींना होडीत घालून डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं.

"मानांग, गोळी काही पुसत नाही," बाई तिला मोठ्या बहिणीसारखी हाक मारून म्हणाल्या. "या आजारात मन नुसतं वाईट तेवढंच पुढे करतं. गोळीने ती खोड हळूहळू कमी होते. वाईट आठवण राहते, पण बाकीच्यांनाही वाट मिळते. मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही."

"आणि मी त्याला विसरले तर?"

"तर इथे येऊन माझ्याशी भांडा."

क्लारिंगने गोळी घेतली, पण तिची धाकधूक गेली नाही.

वर्ष भरलं. त्या दुपारी तिने काळं उतरवून पिवळा झगा घातला. सगळे जेवायला बसले. पासिंगने शेवयांची बशी भरून घेतली आणि परीक्षा सुरू केली. "सांग बघू, शेवटी काय म्हणाला तासियो?"

"पाणी मागितलं," क्लारिंग म्हणाली. तिचे डोळे भरले. "द्यायची परवानगी नव्हती." मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "पाणी तर त्याला तुझ्या बापाने दिलं होतं, पासिंग! बादलीभर, डोक्यावर! लग्नाआधी मला गाणं ऐकवायला आला आणि चुकून तुमच्या खिडकीखाली गायला!"

"चुकून?" पासिंगचा घास हातातच राहिला. "मी केस विंचरून उभी होते गं!"

क्लारिंग इतकी हसली की तिला ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी अजून तसंच होतं.

"नानाय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," मेरिविक आईला म्हणाली.

"मला तरी कुठे आठवत होतं!"

मित्रांनो, तेव्हा मी शेल्फावर होते. मला रडता येत नाही, म्हणून जमलं नाही. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर तिला नावं ठेवू नका, आणि शेजारणीचं ऐकून ती बंद तर मुळीच करू देऊ नका. काही विचारायचं असेल तर डॉक्टरांना विचारा. डबीला पिंपामागे टाकू नका, हे माझ्याकडून.

पासिंग आता रोज येते आणि विचारते, "गाणं कोणतं होतं गं ते?"

"आठवतंय," क्लारिंग म्हणते. "पण सांगणार नाही. ते माझं होतं."